एअरबॅग असलेल्या गाडीचं काम आणि बदल: कुठे हात घालावा, कुठे घालू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा एअरबॅग असलेली वापरलेली गाडी घेतली आहे. सीट पुढेमागे सरकवली की मीटरमधला एअरबॅगचा दिवा मधूनच लागतो. शिवाय लेदरची सीट कव्हरं, दारांत मोठे स्पीकर, डॅशकॅम आणि पुढे लोखंडी गार्ड बसवायचा बेत आहे. स्टिअरिंग झिजलंय, तेही बदलायचंय. यातलं काय स्वतः करावं, काय गॅरेजवर सोडावं आणि कशाच्या वाटेला जाऊच नये?

काम करताना एअरबॅग तोंडावर फुटेल, ही भीती सगळ्यांना असते. ती खरी आहे, पण पुढे दिलेली पद्धत पाळली तर तो धोका अगदी थोडा उरतो. जास्त काळजी करावी अशी गोष्ट वेगळी आहे. गाडीत बदल केल्यावर एअरबॅग हवी तेव्हा फुटत नाही, उशिरा फुटते किंवा भलतीकडे फुटते, आणि हे आधी कळायला काही मार्ग नसतो. मीटरमधला दिवा फक्त विजेचं पाहतो. इग्नायटरचा (एअरबॅग पेटवणाऱ्या छोट्या भागाचा) रोध ठरल्या मर्यादेत आहे का, सेन्सर उत्तर देतायत का, व्होल्टेज पुरेसं आहे का, एवढंच एअरबॅगचं कंट्रोल युनिट तपासतं. सीटच्या शिवणीवर जाड रेग्झिन चढवलंय किंवा छताच्या कडेच्या एअरबॅगपुढून वायर गेलीय, हे त्याला कधीच समजत नाही. दिवा बंद म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका.

वेळेचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला तर पुढच्या सूचनांचं कारण लक्षात येईल. समोरून धडक झाली की साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत एअरबॅग फोडायचा निर्णय होतो आणि त्यानंतर ३० मिलिसेकंदांच्या आसपास ड्रायव्हरची ५०-६० लिटरची पिशवी भरलेली असते. बाजूच्या धडकेत दार आणि माणूस यांच्यात वीतभर जागा असते, म्हणून निर्णय १० मिलिसेकंदांच्या आसपासच घ्यावा लागतो. डोळ्याची एक उघडझापसुद्धा १०० मिलिसेकंदांहून मोठी असते. एवढ्या घाईत पिशवी बाहेर येताना वाटेत काही आलं तर ती ते फाडते, भिरकावते किंवा स्वतः वळते. आणि सेन्सरला धडकेचा जो आकार ओळखायला शिकवलेला असतो तो बदलला, तर निर्णयच चुकतो.

कामाआधी सिस्टीम निर्जीव करणं

पुढची चाकं सरळ करा, इग्निशन बंद करा, की काढून घ्या. बटण-स्टार्ट असेल तर की गाडीपासून लांब ठेवा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत आधी गाडी पूर्ण बंद झाल्याची खात्री करा, कारण ती चालू अवस्थेत असेपर्यंत मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्टच्या लाइनला पुरवठा होत राहतो. मग १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि केबल बाजूला बांधून ठेवा. नुसती सैल सोडलेली केबल परत टर्मिनलला टेकते. दुसरी बॅटरी असेल तर तीही सोडवा.

यानंतर थांबायचं असतं. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग फुटावी म्हणून कंट्रोल युनिटमध्ये वीज साठवणारे कपॅसिटर भरलेले असतात आणि ते रिकामे व्हायला वेळ लागतो. टोयोटाच्या सूचनेत किमान ९० सेकंद असतात, होंडा आणि निसानच्या सूचनेत ३ मिनिटं. जुन्या गाड्यांत याहून जास्त वेळ दिलेला आढळतो. तुमच्या गाडीचा आकडा माहीत नसेल तर १० मिनिटं थांबा, त्यात काही बिघडत नाही. एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. १९९० च्या आसपासच्या काही गाड्यांत स्टिअरिंगमधली एअरबॅग पूर्ण यांत्रिक असायची, सेन्सर आणि पेटवणारी पिन दोन्ही तिच्या आतच. तिथे बॅटरी काढून काहीच साधत नाही, त्या एअरबॅगला तिचं स्वतःचं यांत्रिक लॉक असतं. अशी गाडी असेल तर मॅन्युअल हातात आल्याशिवाय स्क्रूला पाना लावू नका.

एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर बहुतेक गाड्यांत पिवळे असतात. पिवळं दिसलं की तिथे टेस्ट लॅम्प नाही, मल्टीमीटर नाही, वायर टोचून बघणं नाही. यामागे साधं गणित आहे. आजच्या इग्नायटरला पेटायला १.२ अँपिअर करंट फक्त २ मिलिसेकंद मिळाला की पुरतो. १२ व्होल्ट, २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब वायर जोडून टेस्ट लॅम्प म्हणून वापरतात, तो १.७५ अँपिअर ओढतो. बल्बच्या आतली तार थंड असताना तिचा रोध फार कमी असतो, म्हणजे पहिल्या क्षणी करंट त्याहूनही जास्त. हा बल्ब पिवळ्या वायरीत लावला आणि दुसरं टोक बॅटरीला लागलं, तर एअरबॅग फुटली असंच समजा. डिजिटल मल्टीमीटरचा रोध मोजण्याचा करंट यापेक्षा खूप कमी असतो, तरीही उत्पादक तो इग्नायटरवर लावायला मना करतात. मीटर बिघडलेला असू शकतो, नॉब चुकीच्या जागी असू शकतो, आणि तो आकडा तसाही स्कॅनरवर दिसतो.

स्टिअरिंग उतरवताना

स्टिअरिंगच्या मधला पॅड म्हणजेच ड्रायव्हरची एअरबॅग. काही गाड्यांत तो मागून दोन टॉर्क्स स्क्रूंनी धरलेला असतो, काहींत बाजूच्या भोकांतून स्क्रूड्रायव्हर घालून आतली स्प्रिंग क्लिप ढकलावी लागते. पॅड सुटला की झटक्याने ओढू नका, वायर आखूड असते. कनेक्टरवर एक छोटं लॉक असतं, बहुधा वेगळ्या रंगाचं. ते बारीक चपट्या स्क्रूड्रायव्हरने आधी वर उचला, मग कनेक्टर सरळ काढा. लॉक न उचलता ओढला तर कनेक्टरची कडी तुटते, पुन्हा बसवताना तो बसल्यासारखा वाटतो पण धरत नाही, आणि काही दिवसांनी दिवा लागतो. दोन टप्प्यांच्या एअरबॅगला दोन कनेक्टर असतात. ते आपापसांत बदलू नयेत म्हणून आकार किंवा रंग वेगळा दिलेला असतो, तरी काढताना फोटो काढून ठेवा.

काढलेली एअरबॅग नेताना कव्हरची बाजू शरीरापासून बाहेर. ठेवताना कव्हर वर, धातूची बाजू खाली, सपाट जागेवर, वर काहीही न ठेवता. उलटी ठेवलेली एअरबॅग चुकून फुटली तर सबंध धातूचा भाग हवेत उडतो. एकावर एक रचू नका, उन्हात तापलेल्या बॉनेटवर ठेवू नका, वायर धरून लोंबकळत नेऊ नका. कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडलेली एअरबॅग बाहेरून चांगली दिसली तरी वापरायची नाही.

स्टिअरिंगचा नट सोडवण्याआधी शाफ्टवर आणि स्टिअरिंगवर मार्करने खूण करा. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या, नाहीतर घट्ट बसलेलं स्टिअरिंग एकदम सुटून तोंडावर येतं. हातोडा मारायचा नाही, त्याने धडकेत दबण्यासाठी बनवलेला कॉलम खराब होतो. पुलर (स्टिअरिंग ओढून काढायचं हत्यार) लावला तर त्याचे बोल्ट इतके आत घालू नका की ते मागच्या क्लॉक स्प्रिंगला टेकतील.

या कामात सगळ्यात जास्त नुकसान क्लॉक स्प्रिंगचं होतं. स्टिअरिंग फिरत असताना एअरबॅग आणि हॉर्नची जोडणी तुटू नये म्हणून चपट्या रिबन केबलची गुंडाळी त्या प्लॅस्टिकच्या चकतीत असते. स्टिअरिंग काढल्यावर ती हाताने फिरली, किंवा कोणी चाकं वळवली, तर तिचा मध्य हलतो. मग एका बाजूला पूर्ण वळवताना केबल ताणून तुटते. आधी हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणं मधूनमधून बंद पडतात, पाठोपाठ एअरबॅगचा दिवा लागतो. म्हणून स्टिअरिंग उतरवल्याबरोबर चकतीवर टेपची पट्टी लावून ती जागेवर धरून ठेवा. हललीच असेल तर चाकं सरळ असताना हलक्या हाताने एका बाजूला अडेपर्यंत फिरवा, मग उलट दिशेने फेरे मोजत खुणेवर आणा. बऱ्याच गाड्यांत एकूण पाचच्या आसपास फेरे असतात आणि मध्य अडीचवर येतो. नेमका आकडा चकतीवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, तोच खरा. नवीन क्लॉक स्प्रिंग मध्यावर लॉक होऊन येते, तिची पिन स्टिअरिंग बसवण्याआधी काढायची नाही.

बसवताना नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. बोल्ट एकदाच वापरायचा असेल तर नवीनच टाका. कनेक्टर ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा आणि त्यानंतरच लॉक खाली करा. गाडीत कोणी नसताना बॅटरी जोडा. मग दार उघडून, एअरबॅगसमोर न येता, बाजूने इग्निशन चालू करा. (काही उत्पादक आधी इग्निशन चालू ठेवून मग बॅटरी जोडायला सांगतात. मॅन्युअलमध्ये जो क्रम असेल तो घ्या.) दिवा लागून ५-६ सेकंदांत विझला पाहिजे. स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर त्याच भागात असेल तर स्कॅनरने त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, नाहीतर स्थिरता नियंत्रणाचा दिवा लागून राहतो.

तुमचा दिवा का लागतोय

सीट हलवली की दिवा लागतो याचा अर्थ जवळजवळ नक्कीच सीटखालचा पिवळा कनेक्टर. सीटमधली साइड एअरबॅग, बकलचा स्विच, पट्टा खेचणारा प्रीटेन्शनर आणि शेजारच्या सीटखाली बसलेल्याचं वजन ओळखणारा सेन्सर, या सगळ्यांच्या वायरी तिथून जातात. सीट सरकते तेव्हा वायर ताणली जाते, कार्पेटखालचा ओलावा आणि धूळ पिनांवर बसते, कधी सीटखाली कोंबलेली पिशवी कनेक्टर ओढते. इग्नायटरचा रोध साधारण २ ओहम असतो. पिनेवरचा रोध वाढून एकूण आकडा मर्यादेबाहेर गेला की कंट्रोल युनिट ते बिघाड म्हणून नोंदवतं.

आधी कोड वाचा. इंजिनचे कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर इथे उपयोगाचा नाही, एअरबॅग विभागात शिरणारा आणि प्रत्येक सर्किटचा रोध दाखवणारा हवा. आकडा पडद्यावर ठेवून सीट सावकाश पुढेमागे करा. २.१ चे ३.५ होऊन परत २.१ झाले तर कनेक्टर सापडला. त्यानंतर बॅटरी काढून, थांबून, कनेक्टर सोडवा. पिना हिरव्या-पांढऱ्या पडल्यात का, मादी बाजूची पकड सैल झालीय का ते पाहा. नुसता ओलावा आणि धूळ असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्टच्या स्प्रेने साफ करून, पूर्ण वाळवून जोडता येतं. कनेक्टरमध्ये एक छोटी शॉर्टिंग पट्टी असते. कनेक्टर सुटताच ती एअरबॅगकडच्या दोन पिना आपसात जोडते, म्हणजे स्थिर विजेने इग्नायटर पेटत नाही. साफ करताना ती वाकली तर कनेक्टर बदला. वायर सीटच्या पट्टीला क्लिपने बांधून ठेवा, म्हणजे सीट सरकताना ताण कनेक्टरवर येणार नाही.

कनेक्टर कापून वायरी थेट पिळून टेपने बांधणं हा ‘उपाय’ बऱ्याच ठिकाणी होतो. तो करू देऊ नका. पिळलेल्या जोडाचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो, शॉर्टिंग पट्टी कायमची जाते, आणि पुढच्या वेळी सीट काढायची झाली तर वायर कापूनच काढावी लागते. काही उत्पादक ठराविक क्रिंप जोड आणि आतून गोंद असलेली श्रिंक नळी वापरून दुरुस्ती मान्य करतात, काही या वायरींना जोड द्यायलाच मनाई करतात. तिथे हार्नेसचा तो भाग बदलावा लागतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे एअरबॅगच्या जागी २-३ ओहमचा रेझिस्टर लावणं. कंट्रोल युनिटला रोध बरोबर दिसतो, दिवा विझतो, आणि आत एअरबॅग नसतेच. गॅरेजमध्ये बिघाड शोधताना एवढ्याच रोधाचं डमी लोड काही मिनिटं लावतात, तेवढाच त्याचा योग्य उपयोग. वापरलेली गाडी असल्यामुळे ही शंका तुमच्याही गाडीबद्दल घ्या. इग्निशन चालू केल्यावर दिवा अजिबात लागतच नाही, किंवा इंजिन ऑइलच्या दिव्याबरोबर लागतो-विझतो, असं असेल तर त्याची वायर फिरवलेली आहे. डॅशबोर्डच्या एअरबॅगच्या झाकणाभोवती रंगातला फरक, पॉलिशची रेघ किंवा भरलेली भेग दिसली तर ते उघडून बघायला लावा. पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याच्या मुळाशी शिवलेल्या लेबलवरची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळते का तेही पाहा.

कंट्रोल युनिट, वेल्डिंग, रंग

कंट्रोल युनिट बहुतेक वेळा गिअर लिव्हरच्या पुढे किंवा कन्सोलखाली मधल्या बोगद्यावर बोल्टने घट्ट बसवलेलं असतं. त्यावर पुढची दिशा दाखवणारा बाण असतो. त्याच्या आतच धक्का मोजणारे सेन्सर असतात, म्हणून बोल्ट सैल असताना इग्निशन चालू ठेवणं किंवा त्याला हलवणं धोक्याचं. आधी बोल्ट ठरल्या टॉर्कला, मग कनेक्टर, सगळ्यात शेवटी बॅटरी. अँप्लिफायर बसवणारे याच बोल्टला अर्थिंगची वायर लावतात, कारण कन्सोल उघडलं की तो हाताशी येतो. लावू नका. युनिट आणि पत्रा यांच्यात वायरची थिंबल आली की ते ठाम बसत नाही आणि अँपचा करंट त्याच्या अर्थिंगमधून जातो.

वेल्डिंग असेल तर बॅटरी आणि कंट्रोल युनिटचे कनेक्टर दोन्ही सोडवा, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लँप कामाच्या अगदी जवळ लावा. पत्र्यावर हातोडी किंवा इम्पॅक्ट गन चालवताना इग्निशन बंदच हवं. रंगाच्या भट्टीचं तापमान उत्पादकाने दिलेल्या मर्यादेखाली ठेवा. ती साधारण ८० ते ९० अंशांच्या आसपास असते. त्यापुढे जायचं तर एअरबॅग आणि प्रीटेन्शनर आधी उतरवायचे. पुढच्या क्रॉस मेंबरवरच्या (बंपरमागच्या आडव्या दांडीवरच्या) सेन्सरच्या पट्टीला बाक असेल तर ती ठोकून सरळ करू नका, बदला. सेन्सरची दिशा थोडी फिरली तरी त्याला धडक कमी तीव्र वाटते.

आता तुमचे बदल

सीट कव्हर. साइड एअरबॅग सीटच्या पाठीच्या दाराकडच्या कडेत असते आणि तिथली शिवण फाडून बाहेर येते. ती शिवण मुद्दाम कमकुवत धाग्याने ठरावीक टाक्यांत घातलेली असते. वर सर्वसाधारण लेदर कव्हर ओढलं की पिशवी आतल्या आत अडते, वर किंवा पुढे वळते, किंवा काही मिलिसेकंद उशिरा येते. बाजूच्या धडकेत तेवढा उशीर परवडत नाही. तुमच्या सीटच्या कडेवर एअरबॅगचं लेबल असेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेलं, फाटणारी शिवण असलेलं आणि चाचणी केलेलं कव्हरच घ्या, किंवा ती कड पूर्ण मोकळी ठेवणारं. नुसतं ‘एअरबॅगला चालतं’ असं लेबल पुरत नाही, शिवणीची जागा तुमच्या सीटच्या शिवणीवर नेमकी यायला हवी. सीटचं मूळ कापड काढून नवीन लेदर शिवून घेणार असाल तर ते सगळ्यात अवघड काम आहे: धागा, टाक्यांची लांबी आणि आतली दिशा देणारी कापडी पट्टी, तिन्ही मूळसारखी लागतात. शेजारच्या सीटखाली वजनाचा सेन्सर असेल तर जाड फोम किंवा गरम करणारी चटई टाकल्यावर त्याचं शून्य बदलतं. सीट रिकामी ठेवून स्कॅनरने ते परत लावून घ्यावं लागतं. नाही केलं तर सडपातळ माणूस बसल्यावर एअरबॅग बंद राहू शकते.

डॅशकॅम. हे काम घरी करता येतं, फक्त वायर कुठून न्यायची ते समजून घ्या. पडद्यासारखी एअरबॅग छताच्या कडेला, ए-पिलरपासून (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबापासून) मागेपर्यंत गुंडाळून ठेवलेली असते आणि खाली उलगडते. काचेच्या वरून आलेली वायर ए-पिलरच्या ट्रिममध्ये (आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणात) सहज घुसते म्हणून लोक ती ट्रिम आणि गुंडाळी यांच्यामध्ये दाबतात. पिशवी उलगडताना ती वायर कॅमेऱ्यासकट ओढते, किंवा ट्रिम नीट उघडू देत नाही. ट्रिम काढून वायर गुंडाळीच्या मागून, पत्र्याकडच्या बाजूने, मूळ हार्नेसच्या बरोबर न्या आणि तिथेच टाय मारा. एअरबॅगच्या स्वतःच्या दोरीला किंवा कापडाला टाय मारू नका. ट्रिमच्या काही क्लिपांना आत छोटा पट्टा असतो, म्हणजे पिशवी उलगडताना ट्रिम उडून जात नाही. अशी क्लिप एकदाच वापरायची असते, तुटली तर तीच आणा. ए-पिलरवर ट्वीटर किंवा मीटरचा डबा, छताच्या कडेला कडक हँगर, खिडकीवरच्या हँडलला टांगलेल्या जड वस्तू, सगळ्यांना हेच कारण लागू आहे.

दारातले स्पीकर. याबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं. बऱ्याच गाड्यांत बाजूची धडक ओळखायला दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. बाहेरचा पत्रा आत दबला की पोकळीतला दाब काही मिलिसेकंदांत वाढतो आणि सेन्सर तो पकडतो. मोठ्या स्पीकरसाठी आतला पत्रा कापला, किंवा प्लॅस्टिकची पातळ शीट अर्धी फाडून तशीच सोडली, तर दाब वाढण्याआधीच निसटतो. एअरबॅग उशिरा निर्णय घेते, आणि दिवा अर्थातच बंदच राहतो. म्हणून मूळ भोकातच बसणारे स्पीकर घ्या, लागली तर घट्ट बसणारी अ‍ॅडॅप्टर रिंग वापरा, आतली शीट ब्युटाइलच्या पट्टीने पूर्ण सीलबंद करा. आवाज दाबणारी शीट लावताना सेन्सरचं तोंड झाकलं जाणार नाही हे पाहा.

पुढचा गार्ड लावू नका. गाडीचे पुढचे भाग ठराविक क्रमाने दबतात आणि त्या दबण्याचा आलेख बघून कंट्रोल युनिट निर्णय घेतं. चासीच्या दांड्यांना थेट बोल्ट केलेला लोखंडी गार्ड हा क्रम मोडतो. हळू धडकेत जोर सरळ चासीत गेल्याने एअरबॅग विनाकारण फुटू शकते, आणि एका कोपऱ्यावरच्या धडकेत जोर वेगळ्याच वाटेने जाऊन निर्णय लांबू शकतो. शिवाय पायी चालणाऱ्याला तो फार वाईट लागतो. गाडी बनवणाऱ्याने त्याच मॉडेलवर एअरबॅगसकट चाचणी करून विकलेला असेल तेवढाच विचारात घ्यावा. विंच, जाड बंपर, पुढच्या बंपरमागे घातलेला लोखंडी पाइप, यांनाही हेच लागू.

स्टिअरिंग. बाजारातलं एअरबॅग नसलेलं स्पोर्ट स्टिअरिंग टाकलं तर फक्त एक एअरबॅग जाते असं नाही. नव्या गाड्यांचे सीटबेल्ट ठराविक जोरानंतर पट्टा थोडा सोडतात, म्हणजे बरगड्यांवर फार ताण येत नाही. समोर एअरबॅग माणसाला झेलेल हे धरून तो सोडण्याचा जोर ठरवलेला असतो. एअरबॅग नसेल तर तोच पट्टा डोकं थेट स्टिअरिंगवर जाऊ देतो. तुमचं स्टिअरिंग फक्त झिजलंय, तेव्हा वरच्या पद्धतीने पॅड उतरवून रिमला नवीन लेदर शिवून घ्या, हाच उत्तम मार्ग. पॅडला मात्र रंग, डाय, गोंद, स्टिकर किंवा धातूचं चिन्ह काहीही लावायचं नाही. त्याची फाटणारी रेघ आतल्या बाजूने असते, बाहेरून दिसत नाही, आणि त्यावर चिकटवलेली वस्तू थेट चेहऱ्यावर येते. डॅशबोर्डवरच्या एअरबॅगच्या झाकणावर काही चिकटवण्याबद्दलही हेच.

चाकं, टायर, मागचा टो-हुक, डोक्यावरचा कॅरिअर यांचा एअरबॅगशी फारसा संबंध येत नाही. पुढची काच मात्र येते. शेजारच्या सीटची एअरबॅग काचेवर आपटून माणसाकडे वळते. काच नवीन बसवल्यावर चिकटवण्याचं रसायन धरायला जेवढा वेळ त्याच्या पुडीवर लिहिलाय, तेवढा वेळ गाडी हलवू नका.

एकदा फुटल्यानंतर

फुटलेली एअरबॅग बदलली की काम संपलं असं होत नाही. पेटलेले प्रीटेन्शनर, धडकेत ताण आलेले पट्टे, क्लॉक स्प्रिंग, पुढचे सेन्सर आणि त्यांच्या पट्ट्या, डॅशबोर्डचं झाकण आणि त्याखालची चौकट, स्टिअरिंग कॉलम, सगळं तपासून किंवा बदलून घ्यावं लागतं. कंट्रोल युनिटमध्ये धडकेची नोंद कायमची बसते. ती खोडून युनिट परत वापरणारे आहेत, पण बहुतेक उत्पादक युनिट बदलायलाच सांगतात, आणि मीही तेच सांगेन.

स्वस्त एअरबॅग घेऊ नका. २०२४ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने निकृष्ट पर्यायी इन्फ्लेटरबद्दल (पिशवी फुगवणाऱ्या धातूच्या डब्याबद्दल) इशारा दिला, कारण काही महिन्यांतच अशा इन्फ्लेटरनी ३ जणांचा जीव घेतला आणि दोघांना गंभीर जखमा केल्या होत्या. किरकोळ अपघातात वाचायला हवी अशी माणसं धातूच्या तुकड्यांनी जखमी झाली. भंगारातून काढलेल्या एअरबॅगचा धोका वेगळा: ती पाण्यात भिजली होती का, पडली होती का, रिकॉल झालेली (दोषामुळे कंपनीने परत बोलावलेली) होती का, कळत नाही. टकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणात त्याची रचना बिघडायची आणि मग ते हवं त्यापेक्षा जोरात पेटून धातूचा डबाच फोडायचं. त्यावरून जगभरातल्या कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. तुम्ही वापरलेली गाडी घेतली आहे, तर चासी नंबर टाकून उत्पादकाच्या वेबसाइटवर रिकॉल शिल्लक आहे का हे आजच पाहा. एअरबॅगचा रिकॉल शिल्लक निघाला तर बाकीच्या सगळ्या कामांआधी तो करून घ्या.

गाडी पुरात बुडाली असेल तर इग्निशन चालू करून बघू नका. कंट्रोल युनिट आणि सीटखालचे कनेक्टर सगळ्यात खाली असल्याने पाणी आधी तिथेच शिरतं. आधी बॅटरी काढा. भिजलेलं युनिट आणि भिजलेले प्रीटेन्शनर वाळवून वापरायचे नसतात.

बदलून काढलेली, न फुटलेली एअरबॅग ही स्फोटक वस्तू आहे. ती भंगारवाल्याला देऊ नका, घरी कपाटात ठेवू नका, उघडून बघू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरला परत द्या. तिथे ती ठराविक अंतरावरून फोडून निकामी करतात. फुटलेली पिशवी हाताळायची झाली तर आधी धातूचा भाग थंड होऊ द्या, हातमोजे आणि चष्मा घाला. पिशवीवरची पावडर त्वचेला आणि डोळ्यांना झोंबते, लागली तर साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा.